सु-लुआनची मतं फोडण्याची योजना

४ जून
आजपासून रोजनिशी. हाइवेई नगर परिषदेवर सलग तीन वेळा निवडून गेलेल्या माणसाची कुठेतरी नोंद राहायला हवी. निवडणूक नोव्हेंबरअखेर. आमच्या प्रभागात जागा चार. मी, त्साइ वान-दे, चौथ्यांदा येणार यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की पहिला येणार की दुसरा.
दुसरा नाही.
मागच्या खेपेला को सु-लुआन पहिली आली. केस कापायचं दुकान चालवणारी बाई. पहिल्याच निवडणुकीत! मी चौथा. तो अपघात होता. लोकांना काहीतरी नवीन लागतं. आता हौस फिटली असेल.
संकल्प : रोज पहाटे उठून बाजारात फेरी. आणि सु-लुआनचा विचार करायचा नाही.

५ जून
सातला उठलो. मनाने मात्र पहाटेच उठलो होतो. कोबीवाली म्हणाली, सु-लुआन केव्हाच येऊन गेली. मी काही विचारलं नव्हतं.
विचारलं होतं. पण सहज.

९ जून
लिआओ आजोबांचा अंत्यविधी. रस्त्यावर मांडव, पुढारी एकेक करून फोटोपुढे वाकायला. निवेदकाने सु-लुआनचं नाव माझ्याआधी पुकारलं. ज्येष्ठ कोण? मी! नंतर त्याला बाजूला घेऊन खडसावलं. तर म्हणतो, "वान-दे दादा, त्या सकाळपासून आल्यात. आजीबाईंचे केसही त्यांनीच विंचरून दिले."
म्हणजे आता मयताला कंगवा घेऊन जायचं?
वर ती रडली. खरं पाणी. मी जवळ जाऊन पाहिलं.
संकल्प : रडता यायला हवं.

१२ जून
आरशासमोर सराव. बायको, यू-ये, दारातून डोकावली. "अहो, दाढ दुखतेय का?"

१८ जून
आज अंत्यविधीला सगळ्यांच्या आधी पोचलो. सरावाचा फायदा झाला, छान रडू आलं. एक म्हातारा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. मग फोटोकडे लक्ष गेलं. या बाईला मी कधी पाहिलेलंच नव्हतं. त्या रस्त्यावर आज दोन मांडव होते. आमच्या मतदाराचा पुढचा. ही बाई पलीकडच्या गावची.
पुढच्या मांडवात गेलो तेव्हा डोळे कोरडे. सगळं वाया गेलं. सु-लुआन तिथे चहा वाटत होती.

२७ जून
ती दर सोमवारी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे केस घरी जाऊन फुकट कापते. स्वस्त प्रसिद्धी! मीही काहीतरी करणार. केस कापता येत नाहीत. रक्तदाब मोजता येतो. मशीन आणलं. देवळाच्या अंगणात टेबल, माझ्या फोटोचा फलक, दर मंगळवारी.

५ जुलै
मंगळवार. कोणी आलं नाही. सोमवारी सगळे तिच्याकडे मोजून घेतात म्हणे, ती केसांबरोबर तेही करते. बसल्या बसल्या स्वतःचा मोजला. आकडा पाहिला.
मशीन खराब आहे. परत करणे.

१४ जुलै
संध्याकाळी जेवण उशिरा. रोजचंच झालंय. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, यू-ये पिशव्या घेऊन खाली जाते, ती अर्धा तास वर येत नाही. विचारलं, एवढं काय असतं तिथे? म्हणाली, "कोणाची मोरी तुंबलेली असते, कोणाच्या सुनेला दिवस गेलेले असतात. सगळे तिथेच भेटतात ना."
मोऱ्या नि सुना! मी तिला म्हटलं, कचरा टाकून लगेच वर येत जा.

१९ जुलै
सु-लुआनसुद्धा कचऱ्याच्या गाडीशी उभी राहते असं ऐकलं. म्हणजे तिथे काहीतरी आहे. आज मीच जाणार म्हटलं. यू-येने कचरा आधीच बांधून खाली नेला होता, म्हणून पिशवीत जुनी वर्तमानपत्रं कोंबली नि सु-लुआनच्या गल्लीत गेलो. बायका दचकल्या. सु-लुआनने पिशवीत पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वान-दे दादा, हा कागद आहे. कागदाची गाडी उद्या."
पिशवी परत आणली. वाटेत शेजारच्या लाओ-चिउच्या कुत्र्याने फाडली. सगळ्या पानांवर सु-लुआनचेच फोटो. जानेवारीतल्या पुलाच्या उद्घाटनाचे.

२ ऑगस्ट
तिचा फलक लागला. चौकात, चार रस्त्यांवरून दिसतो. माझ्या फलकापुढे विजेचा खांब आहे. त्या खांबाची मंजुरी मीच आणली होती.

१२ ऑगस्ट
माझू देवीच्या देवळात चहा. देवस्थानचे अध्यक्ष होंग, मी, आणि दोघे-तिघे. विषय निघाला. (मीच काढला.) होंग कलिंगडाची बी दाताने फोडत म्हणाले, "अरे, बाईची मतं पुरुषाला कुठली फुटायला? उभी कर एखादी बाई, म्हणजे फुटतील."
सगळे हसले. मी हसलो नाही. मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. योजना चमकदार आहे आणि ती पूर्णपणे माझी आहे. होंगना फक्त शब्द सुचले.
एक अशी बाई पाहिजे जिला कोणी ओळखत नाही, जी सांगेल तेवढंच करेल, जिला महत्त्वाकांक्षा नाही. सु-लुआनची दोन-तीनशे मतं खाल्ली की पुरे. ती घसरते. मी पहिला.
पण कोण?

१३ ऑगस्ट
यू-ये!

१४ ऑगस्ट
सकाळी पेज खाताना सांगितलं. ती माशातले काटे काढत होती. नुसतं नाव द्यायचं, म्हटलं, निवडणुकीनंतर विसरून जायचं. तिने विचारलं, "आणि निवडून आले तर?"
इतका हसलो की पेज नाकातून आली. आईसुद्धा हसली. आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे, तिला ऐकू कमी येतं, पण विनोद कळतो.
यू-ये हसली नाही. म्हणाली, "बरं. पण नाव दिलं तर मग मी नीट उभी राहीन. मला खोटं खोटं येत नाही."
हो हो, म्हटलं, नीट उभी राहा.

३० ऑगस्ट
दोघांचे अर्ज भरले. खिडकीवरच्या पोरीने विचारलं, "भांडण झालं का हो तुमचं?"

१० सप्टेंबर
मध्य-शरदाची पौर्णिमा. सगळी गल्ली रस्त्यावर शेगड्या मांडून बसलेली, धूर, पपनसाच्या सालींच्या टोप्या पोरांच्या डोक्यावर. प्रत्येक शेगडीपाशी गेलो. लोकांनी मांस दिलं नि विचारलं, "वहिनी कुठायत?" ती कोपऱ्यावरच्या लुओ कुटुंबाकडे बसली होती. त्यांचा बाप पडून आहे, त्याला ती पपनसाच्या फोडी सोलून भरवत होती. मी म्हटलं, पलीकडे चाळीस मतं बसलीत, तू इथे एका माणसापाशी काय करतेस? म्हणाली, "त्यांना हाताने खाता येत नाही."
राजकारण तिच्या रक्तात नाही. बरंच आहे.

३ ऑक्टोबर
आज मोठा धक्का. यू-ये घरी आली ती केस कापून. फलकाच्या फोटोसाठी. कोणी कापले? सु-लुआनने! फुकट!
शत्रूच्या कात्रीखाली मान दिली! मी म्हटलं, तुला ठाऊक आहे ना तू कोणाची मतं खाणार आहेस? म्हणाली, "मी त्यांना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, खा की, मान जरा डावीकडे करा."
सगळी योजना सांगून टाकली. आणि सु-लुआन हसली. हसली का?
केस मात्र चांगले कापलेत. दहा वर्षांनी तरुण दिसते. मला कोणी असे केस कापून दिले असते तर मीही दिसलो असतो.

९ ऑक्टोबर
माझा नवा फोटो आला. कारागिराने कॉम्प्युटरवर सुरकुत्या काढल्या, हनुवटी आत घेतली, केस वाढवले. आईला दाखवला. आई म्हणाली, "चांगला दिसतो मुलगा. कोणाचा?"

२१ ऑक्टोबर
उमेदवारांचे क्रमांक काढले. सु-लुआन दोन. यू-ये सहा. मी चार.
चार! आमच्या भाषेत चार म्हणा नि मरण म्हणा, उच्चार जवळजवळ एकच. हॉलमध्ये कोणीतरी "अयाया" म्हणालं. मी अंधश्रद्धा मानत नाही.

२२ ऑक्टोबर
माझू देवीला कौल लावला. लाकडाच्या दोन फोडी टाकायच्या, एक पालथी एक उताणी पडली की देवीचा होकार. मी पहिला येणार का? नकार. पुन्हा. नकार. पुन्हा. नकार. मग प्रश्न बदलला. सु-लुआनला यंदा त्रास होणार का? फोडी लोळत होंगच्या खुर्चीखाली गेल्या. होंग वाकून म्हणाले, "देवी हसतेय." दोन्ही उताण्या पडल्या की तसंच म्हणतात.
शेवटी विचारलं, आमच्या घरात विजय येणार का? लगेच होकार. तीनदा लागोपाठ!
उगाच काळजी करत होतो.

४ नोव्हेंबर
प्रचार जोरात. माझी गाडी, तिच्यावर भोंगे, मागे सहा माणसं टोप्या घालून. यू-येला मी माझी जुनी स्कूटर दिली, मागे एक लहान झेंडा. तेवढा पुरे.
शुभशकुन म्हणून लोक उमेदवारांना मुळे नि अननस देतात. सु-लुआनच्या कचेरीबाहेर आज जो मुळा पाहिला, तो लहान मुलाएवढा होता. मला दिलेले सगळे मुळे मिळून तेवढे भरणार नाहीत. मागच्या दाराने एक मोठा मुळा विकत आणून पुढच्या दारात ठेवला.
संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो तर आणखी मुळ्यांचा ढीग. हे कोणाचे? आई म्हणाली, "सुनेचे. लोक तिला स्कूटरवर देतात, बिचारी किती वाहणार?"
कीव करून देत असतील.

१२ नोव्हेंबर
शाळेच्या सभागृहात उमेदवारांची भाषणं. मी बारा वर्षांतल्या रस्ते, दिवे, पूल सगळ्याचा हिशेब मांडला. पुलाला पोचलो तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा. सु-लुआनने नेहमीचंच, म्हातारी माणसं, दवाखान्याची बस. टाळ्या. यू-येचं भाषण मी लिहून दिलं होतं. दोन ओळी. तिने कागद उघडला, पुन्हा घडी घालून खिशात ठेवला.
माहेरचं आडनाव लावून म्हणाली, "मी सु यू-ये. तळ्यांच्या रस्त्यावरच्या पाणी उपसायच्या पंपाचं उद्घाटन आमच्या यजमानांनी केलं. त्याची चावी माझ्याकडे असते, कारण पावसात त्यांना सर्दी होते."
लोक हसले. मला वाटलं पंपाला हसले.
मग ती म्हणाली, "गेल्या वादळात पंप दोनदा बंद पडला. मासे तळ्यातून रस्त्यावर आले, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी नि मी मिळून ते बादल्यांनी परत टाकले. कोणाचे कोणत्या तळ्यात गेले, काही कळलं नाही. कोणी तक्रार केली नाही. मला असं वाटतं, की पंप दोन हवेत आणि चावी पंपापाशी राहणाऱ्याकडे हवी. बाकी मला बोलता येत नाही."
एवढंच. टाळ्या थांबेनात. मागच्या बाकावर सु-लुआन उभी राहून टाळ्या वाजवत होती. आपल्या प्रतिस्पर्ध्यासाठी उभं राहतं का कोणी? मी बसूनच वाजवल्या. बोटांनी.
गाडीत यू-येला म्हटलं, ती सर्दी तू मध्ये आणायला नको होतीस.
"मग येत नाही का सर्दी?" ती म्हणाली.

१७ नोव्हेंबर
घशाला त्रास. भोंगा दिवसभर कोणी चालवायचा? आज दुपारी गाडी बाजारात उभी होती, यू-ये स्कूटरवरून समोरून गेली आणि माझी टोपीवाली सहाच्या सहा माणसं हात हलवून ओरडली, "वहिनी, जोरात!" मी रागावलो. त्यातला एक म्हणाला, "साहेब, घरातलंच ना?"
रात्रीच्या जेवणाला बोललो नाही. तिला ते कळलंच नाही, ती फोनवर होती. कोणाच्या तरी आजीला दवाखान्यात जागा हवी होती. जागा मिळाली. मला हा फोन का आला नाही? बारा वर्षं नंबर माझा आहे. उचलते ती, ही वेगळी गोष्ट.

२२ नोव्हेंबर
यू-येला म्हटलं, झालं तेवढं पुष्कळ झालं, आता आजारी पड. उमेदवार आजारी पडतात. तिने मुळा चिरायचा थांबवला. मग म्हणाली, "तुम्हाला मी नको आहे, की मी जास्त झालेय?"
हा कसला प्रश्न? म्हटलं, योजना पूर्ण झाली, एवढंच. सु-लुआनची मतं फुटलीत.
"माझ्यासाठी ज्यांनी मुळे आणलेत," ती म्हणाली, "त्यांना काय सांगू? त्यांच्याकडून घेतलं ते खोटं होतं?"
आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. आईला ऐकू येत नाही हे फार वेळा उपयोगी पडतं.

२६ नोव्हेंबर
मतदान. छान ऊन. स्वतःला मत दिलं, शिक्का अगदी मधोमध.
चारला पेटी उघडली. शाळेतल्या आमच्या केंद्रावरच थांबलो. एक माणूस प्रत्येक मतपत्रिका उंच धरून ओरडतो, दुसरा भिंतीवरच्या कागदावर रेघ मारतो. "दोन नंबर, एक मत! सहा नंबर, एक मत! दोन! सहा! सहा!" मला वाटलं, छान, यू-ये तिची मतं खातेय. "सहा! सहा! दोन!" खातच होती. मग लक्षात आलं, चार नंबर म्हणायला त्या माणसाला जरा वेळच लागत होता. घशात काही अडकलं असेल म्हणून मी त्याला पाणी पाठवलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "सहा नंबर, एक मत!"
शेजारी उभा लाओ-चिउ हळूच म्हणाला, "वान-दे, घरी जातोस का?"
सगळ्या केंद्रांचा निकाल अंधार पडायच्या आत आला. सु-लुआन पहिली. मागच्यापेक्षा थोडी जास्तच. मतं फुटली होती, पण तिची नव्हती. यू-ये तिसरी. मी पाचवा. सदतीस मतांनी.
ती उभी नसती तर मी आलो असतो. होंग अध्यक्षांशी बोलायला हवं. कल्पना त्यांची होती.
दारात फटाक्यांच्या माळा लागल्या. मी कपडे नीट करून बाहेर आलो. लोक म्हणाले, "सरका जरा, फोटो घेतोय."

२७ नोव्हेंबर
सकाळी पेज. यू-येने सगळ्यांना वाढली. मग यू-ये म्हणाली, "मी माझं मत तुम्हाला दिलं होतं."
मी म्हटलं, मीही मलाच दिलं.
म्हणजे आमच्या दोघांची मतं एकाच उमेदवाराला. घरात मतभेद नाहीत, हे पुढे कधी भाषणात सांगता येईल.
आईला विचारलं, तू कोणाला दिलंस? आईला ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा ओरडून विचारलं, तर म्हणाली, "पेज गार होतेय."

२५ डिसेंबर
शपथविधी. यू-ये हिरव्या जाकिटात. सु-लुआनने तिची कॉलर सरळ केली, दोघी खुसफुसून हसल्या. बारा वर्षांत माझी कॉलर कोणी सरळ केली नाही. पाहुण्यांच्या रांगेत मला खुर्ची होती, पाठीवर कागद चिकटवलेला : "नगरसेविका सु यू-ये यांचे कुटुंबीय". आई माझ्या शेजारी. आईच्या खुर्चीवरही तेच.
संकल्प : चार वर्षांनी पुन्हा उभा राहणार. तोवर तिला अनुभवाचा फायदा द्यायचा.

११ जानेवारी
तिला अनुभवाचा फायदा दिला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुवारी गाडी चालवाल का? मला मोठी गाडी येत नाही."

९ फेब्रुवारी
अंत्यविधी. यू-ये आत गेली. मीही निघालो होतो, पण ती म्हणाली, "अहो, इथे गाडी लावू देत नाहीत, जरा गाडीतच बसाल का?" बसलो. निवेदकाचा आवाज इथवर येतो. आधी सु-लुआन, मग लगेच यू-ये. तिसऱ्या आलेल्या बाईला दुसरं पुकारलं! मी कधी दुसरा पुकारला गेलो नाही.
काचेवर टकटक. एक गोरटेला, शांत माणूस. "त्साइ साहेब ना? मी वू. सु-लुआनचा नवरा." इतकी वर्षं हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. म्हणाला, "गाडी जरा पुढे घ्या, त्या झाडाखाली. साडेदहानंतर इथे ऊन येतं."
घेतली. त्याची गाडी तिथेच होती. त्याने थर्मासमधून चहा ओतला, शेंगदाणे पुढे केले. मी विचारलं, किती वेळ लागतो साधारण? म्हणाला, "अंत्यविधी असेल तर तासभर. लग्न असेल तर बरं, आत बोलावून जेवायला घालतात. पहिलं वर्ष जड जातं. मग पाठ सवयीची होते."
मी म्हटलं, माझं तसं नाही, मी फक्त आजच आलोय.
"हो," तो म्हणाला. "मीही."
मग त्याने डिकीतून घडीची खुर्ची काढली. पाठ मागे कलते. डोक्याला उशी. उजव्या हाताला कप ठेवायला गोल खाच. त्यात कप बरोबर बसतो, डुलतसुद्धा नाही. पाय लांब करून तो डोळे मिटून बसला. मी गाडीच्या सीटवर, गुडघे स्टिअरिंगला टेकलेले, चहा हातात धरून. हात भाजत होता.
कुठून घेतली, विचारलं. सांगत नव्हता, बायकोने वाढदिवसाला दिली म्हणाला.
माझा वाढदिवस मे महिन्यात आहे. यू-येला आज सहज सांगणे. दोन खाचांची असेल तर ती.